डेझीबाईची जबानी

डॅरेनने क्रिस्टलचा जबडा मोडला तो १९९४च्या फेब्रुवारीतला एक रविवार होता. मिस्सा आटोपून दोघं नुकतीच घरी आली होती. चर्चच्या पायऱ्यांवर क्रिस्टल कुणाशी तरी बोलताना हसली होती, एवढंच निमित्त.

"कुनाला दात दाखवत होतीस?" घरात शिरताच त्याने विचारलं.

"रोशनच्या आयला," ती म्हणाली.

रोशनची आई सत्तरीची होती. पण डॅरेनने दाराला आतून कडी घातली आणि कोपऱ्यात उभा करून ठेवलेला वल्ह्याचा तुटका दांडा उचलला.

पलीकडच्या खोलीत त्याची आई, डेझीबाई, सुके बोंबील निवडत बसली होती. उत्तनमध्ये समुद्राला पाठ करून उभं असलेलं त्यांचं ते दोन खोल्यांचं घर. मधली भिंत एका विटेची. पहिला फटका ऐकू आला तसा डेझीबाईने हात लांब करून रेडिओचा आवाज वाढवला. चार वर्षं ती हेच करत आली होती. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात डॅरेनने बायकोवर पहिल्यांदा हात टाकला, तेव्हा ती दारापर्यंत गेली होती. मग परत येऊन बसली. रात्री तिने क्रिस्टलच्या पाठीला खोबरेल लावलं आणि सांगितलं, "पुरुष हाय. तापतो आनि निवतो. तू तोंडाला तोंड देऊ नको."

हे तिचं स्वतःचं शिक्षण होतं. तिचा नवरा कॉन्रॅड अठरा वर्षं तिला मारत होता. तिचे वरचे दोन दात त्याच्या बुटाने गेले होते. कावीळ होऊन तो मेला तेव्हा लोकांनी तिचं सांत्वन केलं आणि तिने ते करून घेतलं. समुद्र जसा खवळतो, तसा नवराही; त्यात कुणाचा दोष नसतो, अशी तिची समजूत पक्की झाली होती.

त्या रविवारी मात्र रेडिओतल्या गाण्याच्या मधून एक आवाज आला, जाड फांदी मोडावी तसा. त्यानंतर क्रिस्टलचं ओरडणं थांबलं.

थोड्या वेळाने कडी निघाली. डॅरेन तिच्याकडे न बघता बाहेर पडला आणि किनाऱ्याकडे गेला. मागोमाग क्रिस्टल आली. तिची हनुवटी एका बाजूला सरकली होती. तोंड मिटत नव्हतं. लाळ आणि रक्त मिळून मिस्सासाठी नेसलेल्या साडीवर गळत होतं. सासूकडे न येता ती माठाकडे गेली, पेला भरला, तोंडाला लावला. पाणी सगळं बाहेर सांडलं. तिने पुन्हा पेला भरला. तेही सांडलं. तिसऱ्यांदा ती पेला भरायला वाकली तेव्हा डेझीबाई उठली.

भाईंदरच्या एका खाजगी दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे काढला. विचारलं, "कसं झालं?"

"पाय घसरला. वट्यावरनं पडली," डेझीबाई म्हणाली.

डॉक्टरांनी क्रिस्टलकडे पाहिलं, काही लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी वरचे-खालचे दात तारांनी एकत्र बांधून जबडा जखडून टाकला. सहा आठवडे नळीने पेज, दूध. बोलणं नाही.

घरी सोडायच्या दिवशी उर्मिला नावाच्या सिस्टरने डेझीबाईला जिन्यात गाठलं. "मावशी, ओट्यावरून पडलं की हनुवटी फुटते. हिला मार बाजूने बसलाय. आणि पाठीवरचे जुने वळ काय ओट्याचे आहेत?" तिने एक चिठ्ठी हातात कोंबली. "वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी मदत करणाऱ्या बायका बसतात. हिला घेऊन जा. आज शनिवारच आहे."

डेझीबाईला वाचता येत नव्हतं. पण ती गेली. का गेली, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. माठाजवळचा तो तिसरा पेला, एवढंच ती म्हणायची.

खोलीत एक टेबल, चार लोखंडी घडीच्या खुर्च्या आणि सुचेता कर्णिक. सुचेता बँकेत नोकरीला. गिरगावातली जागा सोडून नवऱ्याबरोबर, गुणवंतबरोबर, मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात राहायला आलेली. शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक संपवून ती इथे येऊन बसायची. तिच्या आणखी दोघी मैत्रिणी आळीपाळीने यायच्या. केंद्राला बाहेर पाटी नव्हती. पाटी लावली की बायका यायच्या बंद होतात, हे त्या पहिल्या वर्षातच शिकल्या होत्या.

सुचेताने क्रिस्टलपुढे वही आणि पेन्सिल सरकवली. क्रिस्टल दहावी पास होती. तिने पेन्सिल उचलली, सासूकडे पाहिलं आणि खाली ठेवली.

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसाल?" सुचेता म्हणाली.

"मी? मीच तर आनली हाय तिला."

"म्हणूनच सांगते. पाच मिनिटं."

डेझीबाई तणतणत बाहेर जाऊन पायरीवर बसली. पाच मिनिटांचा तास झाला. आत क्रिस्टल लिहीत होती. पहिली ओळ नवऱ्याबद्दल नव्हती. तिने लिहिलं होतं : *हिला सगळं माहीत होतं. ही रेडिओ मोठा करायची.*

मग तिने बाकीचं लिहिलं. पट्टा. उकळती पेज. एकदा विहिरीच्या कठड्यावरून खाली लोंबकळत धरलं होतं ते. दोनदा पोटात राहिलेलं आणि दोन्ही वेळा लाथेने गेलेलं. शेवटी : *मला घरी जायचं नाही. आजच नाही.*

सुचेता वही मिटून बाहेर आली. "आजी, क्रिस्टल तुमच्याबरोबर येत नाहीये. तिची राहायची सोय आम्ही करतोय. पुढच्या शनिवारी ती इथे येईल, मग आम्ही पोलिसात जाऊ."

"कुठं ठेवनार तिला?"

"ते मी तुम्हाला सांगणार नाही."

"माजी सून हाय ती!"

"चार वर्षं कुठे होतात मग तुम्ही?" सुचेता बोलून गेली. बोलल्याबरोबर तिला वाटलं, हे आपण बोलायला नको होतं. या कामात बसणाऱ्या माणसाने असं विचारायचं नसतं. पण शब्द गेला होता. डेझीबाई पदर खोचून बस स्टॉपच्या दिशेने चालू लागली.

घरी डॅरेन वाट बघत होता. तो प्यायलेला नव्हता. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे गावात सगळे म्हणायचे की पोरगा वाईट नव्हता, दारू वाईट.

"ती कुठंय?"

"मना माईत न्हाय."

"तू नेलीस ना तिला?"

"डॉक्टरकडं नेली. तिथनं गेली ती."

त्याने आईच्या थोबाडीत मारली. आजवर त्याने तिच्यावर हात टाकला नव्हता. डेझीबाईला आधी दुखण्यापेक्षा नवल जास्त वाटलं, तिने गालाला हात लावला आणि "डॅरेन?" असं म्हणाली, जणू दुसरंच कुणी घरात शिरलं असावं. दुसऱ्या फटक्याला ती खाली पडली. मग लाथा. बरगडीत एक बसली, श्वास अडकला. त्याने तिचा अंबाडा धरून तिला फरपटत अंगणात नेलं, बोंबील वाळत घालायच्या बांबूंवर आपटलं, परत आत आणलं. ती ओरडत होती. शेजारच्या घरात माणसं होती, खिडकी उघडी होती. तिने बबनला हाक मारली; पंधरा वर्षं बबन आणि तिचा नवरा एका होडीवर होते. खिडकी लागली. आणि मग त्या घरातल्या टीव्हीचा आवाज मोठा झाला.

डेझीबाईने तो ऐकला. पुढे तिने सुचेताला सांगितलं, "बाय, बरगडी मोडली तवा दुखलं. पन त्या टीवीचा आवाज वाढला ना, तवा मी मेले."

डॅरेनने चूल पेटवली. आईचं मनगट धरलं आणि तिचा पंजा ज्वाळेवर नेला. कातडी चर्रकन भाजली. "कुठं नेलीस?"

तिने कनवटीची चिठ्ठी काढून दिली.

आठवडाभर तो होडीवर गेला नाही. बाहेर पडताना दाराला कुलूप लावायचा. डेझीबाई खोलीत पडून असायची. हाताला फोड, श्वास घेताना बरगडीत सुरी. तिला वाचता येत नव्हतं, पण चिठ्ठीत काय आहे आणि शनिवार कधी आहे, हे दोन्ही तिला ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी त्याने मासे तोडायचा कोयता घेतला, शर्टाखाली खोचला आणि बाहेर पडला. कुलूप लागलं. डेझीबाईने पाटा उचलायचा प्रयत्न केला, बरगडीमुळे जमेना. मग वरवंटा घेतला आणि भाजलेल्या हाताने मागच्या खिडकीचा गज ठोकत राहिली. चौकटीचं लाकूड खाऱ्या हवेने कुजलेलं होतं. गज निघाला. ती बाहेर पडली ती डोक्यावरच. रस्त्यावर विठूचा बर्फाचा टेम्पो भाईंदरला परत चालला होता. ती त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"आजी, मरायचंय काय?"

"भाईंदरला घे. लवकर. पोरगा खून कराय गेलाय."

विठूने तिला शेजारी बसवलं. डॅरेनची बस राई-मुर्ध्याला, वाटेतल्या गावांना थांबत गेली असणार, असा हिशेब करत त्याने मोरव्याचा रस्ता टेम्पो उडवत काढला. तरीही ते दोन-तीन मिनिटं उशिरा पोचले.

आत क्रिस्टल तक्रार लिहून काढत होती. डॅरेन दारात उभा राहिला तेव्हा सुचेता उठली आणि टेबलाच्या पुढे आली.

"तुम्ही बाहेर बसा. आपण बोलू."

"माजी बायको हाय. चल गं."

"ती येणार नाही."

त्याने कोयता काढला. सुचेताने हात वर केला नसता तर वार मानेवर बसला असता. तो कोपरापासून मनगटापर्यंत गेला. ती भिंतीवर आदळली. कागदांवर, फरशीवर, तिच्या पांढऱ्या ब्लाउजवर रक्ताचे शिंतोडे उडाले. क्रिस्टल टेबलाखाली शिरली. डॅरेनने तिला वेणीला धरून बाहेर ओढलं, गुडघा छातीवर ठेवला आणि डाव्या पंजाने तिचा बांधलेला जबडा दाबला. तारा हिरड्यांत घुसल्या. तिला किंचाळता येत नव्हतं. नाकातून एक बारीक, सलग आवाज येत होता. बाहेर वाचनालयात पेपर वाचणाऱ्यांना तो मांजराचा वाटला.

"डॅरेन!"

डेझीबाई दारात होती. तिच्या हातात काही नव्हतं. ती सरळ जाऊन कोयत्याच्या हाताला लोंबकळली, दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून. त्याने कोपराने तिच्या मोडक्या बरगडीवर मारलं. तिने सोडलं नाही. त्याने परत मारलं. तिसऱ्या फटक्याला तिच्या तोंडातून रक्त आलं, पण कोयता खाली पडला आणि तिने त्यावर पाय दिला.

तेवढ्या वेळात क्रिस्टल उठली होती. तिने घडीची लोखंडी खुर्ची उचलली. पहिला फटका पाठीवर बसला. तो वळला तसा दुसरा कपाळावर. तो गुडघ्यांवर आला. तिसरा, चौथा. तो आडवा झाला, हात डोक्यावर घेऊन लहान मुलासारखा मुटकुळा करून. ती मारत राहिली. खुर्चीचा पाय वाकला तरी मारत राहिली.

सुचेताने चांगल्या हाताने तिला मागून कवटाळलं. "क्रिस्टल, पुरे. तो पडलाय. पुरे झालं."

बांधलेल्या दातांमधून क्रिस्टल बोलली. दोन आठवड्यांतला तिचा तो पहिला शब्द. "न्हाय."

मग वाचनालयातली माणसं धावत आली. कुणी डॅरेनला धरलं, कुणी रिक्षा आणायला पळालं. डेझीबाई कोयत्यावरचा पाय न काढता खाली बसली आणि पदराचं टोक मुलाच्या फुटलेल्या कपाळावर दाबून धरलं. क्रिस्टलने ते पाहिलं. तिने तोंड फिरवलं.

पोलीस ठाण्यातला हवालदार उतारवयाचा होता. त्याने डेझीबाईसाठी चहा मागवला, तिला पंख्याखाली बसवलं. "आजी, बँकेतल्या बाईंची तक्रार आहे, सुनेची आहे. तुम्ही दिली नाही तरी केस होतेय. आई आहात तुम्ही. म्हातारपणी कोण बघणार? नीट विचार करा."

"केला हाय. लिवा."

तिने सांगितलं. वल्ह्याचा दांडा, विहीर, आपला भाजलेला हात. हवालदार लिहीत गेला. शेवटी ती म्हणाली, "आनि लिवा, मी पलीकडं बसून रेडिओ मोठा करायचे."

"ते कशाला? त्यात तुमचीच अब्रू जाते."

"लिवा म्हनते ना."

त्याने लिहिलं. तिने अंगठा उठवला, उजव्या हाताचा भाजला होता म्हणून डाव्या हाताचा.

पुढची दोन वर्षं सोपी गेली नाहीत. सुचेताच्या हाताला बावीस टाके पडले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कायमचं बधिर झालं. बँकेत डाव्या हाताने शिक्का मारताना ती चिडायची. गुणवंतने एकदाच म्हटलं, "आता बास कर." तिने बास केलं नाही; त्यानेही पुन्हा म्हटलं नाही. वाचनालयाच्या मंडळींनी मात्र खोली काढून घेतली. "मॅडम, काम चांगलंय, पण इथे पोरं अभ्यासाला येतात." पाच महिने केंद्र बंद होतं. त्या पाच महिन्यांत किती बायका त्या बंद दारापाशी येऊन परत गेल्या, हा विचार सुचेताला झोपू द्यायचा नाही. मग भाईंदर पूर्वेला एका शिवणवर्गाची जागा दुपारपुरती मिळाली.

गावात डेझीबाईच्या शेजारी मासळी बाजारात कुणी टोपली लावेना. "सोताच्या पोराला आत टाकला," असं बायका तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या. एका रात्री कुणीतरी तिच्या वाळत्या बोंबलांवर रॉकेल ओतून काडी लावली. राख तिने सकाळी झाडूने गोळा केली आणि नवे बोंबील लावले.

ठाणे जिल्हा कोर्टात तिची उलटतपासणी झाली तेव्हा १९९६चा पावसाळा संपत आला होता. डॅरेनचा वकील तरुण होता, आवाज गोड.

"डेझीबाई, चार वर्षं तुमच्या सुनेला मारहाण होत होती म्हणता. तुम्ही एकदाही मध्ये पडलात?"

"न्हाय."

"शेजाऱ्यांना बोलावलंत?"

"न्हाय."

"पोलिसात गेलात? फादरना सांगितलंत?"

"न्हाय."

"उलट डॉक्टरांना सांगितलंत, ती पडली. मग खरं कधी बोललात, तेव्हा की आज?"

"आज."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता. आई शेजारच्या खोलीत आरामात रेडिओ ऐकत बसते. घरात एवढा अत्याचार चालू असता तर कुठली आई रेडिओ ऐकत बसली असती?"

डेझीबाईने पिंजऱ्याचा कठडा धरला. समोर डॅरेन बसला होता. कपाळावर खुर्चीची खूण. तो तिच्याकडे बघत होता, लहानपणी ताप आला की बघायचा तसा.

"साहेब, मी रेडिओ ऐकत नव्हते," ती म्हणाली. "काय गानं लागलं ते मना एकदाबी कळलं न्हाय. आत काय व्हतच नव्हतं, तर मी आवाज कशाला वाढवला असता? ती वरडायची. माज्या पोराचा हात बसायचा तो ऐकू यायचा. दांड्याचा वेगळा, पट्ट्याचा वेगळा. मना सगळे वळखू येतात. माज्या अंगावर पडलेत ते. म्हनून मी वाढवला." ती थांबली. दम लागला होता. "तो गुन्हेगार हाय. मी पन हाय. माजा काय कायदा असंल तर तो पन लावा."

वकील खाली बसला.

डॅरेनला पाच वर्षं सक्तमजुरी झाली. निकालाच्या दिवशी त्याला नेताना तो आईजवळून गेला आणि तिच्या पायापाशी थुंकला. मग तिने आवारात क्रिस्टलला शोधलं. क्रिस्टल सुचेताबरोबर झाडाखाली होती. डेझीबाईने हात पुढे केला. क्रिस्टल एक पाऊल मागे सरकली.

"नको," ती म्हणाली. जबडा वाकडा सांधला होता. प्रत्येक शब्द किंचित घसरत यायचा. "तुमी बोललात ते बरं झालं. पन हात नको."

डेझीबाईने हात मागे घेतला.

सुचेताने नंतर एकदा तिला बाजारात गाठून विचारलं, "केंद्रावर येऊन बसाल का? तुमचं बोलणं सासवा ऐकतील."

"न्हाय बाय. मना बघून एखादीला वाटंल, चार वर्षं गप बसलं तरी शेवटी माफी असते. तसं न्हाय."

क्रिस्टल तोवर मीरा रोडच्या एका नर्सिंग होममध्ये आयाचं काम करू लागली होती. पेणकरपाड्यात तिने दुसऱ्या एका बाईबरोबर खोली घेतली होती. केंद्रात सुचेताने तिला वर्षभर दर शनिवारी बोलावलं. पहिले काही महिने ती येऊन नुसती बसायची. दार आपटलं की खुर्चीखाली जायची. नर्सिंग होममध्ये एकदा एका पेशंटच्या नवऱ्याने आवाज चढवला तर तिच्या हातातलं भांडं सुटलं, आणि ती दुसऱ्या मजल्यावरून धावत खाली रस्त्यावर गेली. मग हळूहळू ती थांबायला शिकली. रात्री मात्र तिला ती खुर्ची दिसायची. "मी थांबले नसते," तिने एकदा सुचेताला सांगितलं. "तुमी धरलं नसतं तर तो मेला असता. मना त्याचं काय वाटत न्हाय, याची भीती वाटते." सुचेता म्हणाली, "भीती वाटतेय ना? पुढच्या शनिवारी ये. परत बोलू."

१९९७च्या मे महिन्यात क्रिस्टल उत्तनला आली. आईने लग्नात दिलेली पेटी तिला न्यायची होती. येतानाच तिने नर्सिंग होममधल्या वॉचमनला बरोबर आणलं होतं, एकटीला त्या गल्लीत शिरवलं नसतं. डेझीबाई अंगणात होती. खूप वाळली होती. दोघींनी मिळून पेटी माळ्यावरून काढली.

"आय..." क्रिस्टल सवयीने म्हणून गेली. मग म्हणाली, "मी तुमाला आय म्हननार न्हाय आता. डेझीबाई म्हनेन. चालंल?"

"म्हन."

"राग गेला न्हाय माजा."

"जाऊ नको देऊ."

"तो सुटला की इथंच येईल."

"येईल. मी त्याला घरात घेनार न्हाय. घुसला तर विठू हाय, पोलिसांचा नंबर हाय. सुचेताबायने पाठ करून घेतलाय माज्याकडनं." तिने नंबर म्हणून दाखवला, एकेक आकडा सुटा सुटा. मधला एक चुकला. क्रिस्टलने दुरुस्त केला. डेझीबाईने पुन्हा म्हटला, बरोबर.

पाचच्या बसला अजून अर्धा तास होता. वॉचमन पेटीवर बसला. डेझीबाईने भाताची पेज आणि तळलेला बोंबील पुढे ठेवला. क्रिस्टलला एका बाजूनेच चावता यायचं, तरी तिने बोंबलाचा काटा काढून दिला नाही; नुसती ताटली सरकवली आणि दूर जाऊन बसली. क्रिस्टलने स्वतःच काटा काढला आणि सावकाश खाल्लं. बस आली तेव्हा ती उठली.

"जाते, डेझीबाई."

"सांबाळून जा."